न तोडलेलं रान

वादळ येऊन गेलं तरी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी काही निवळत नव्हतं. बायकोने एक ग्लास भरला, खिडकीतल्या उजेडाला धरला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. याला पाणी म्हणायचं की बिनदुधाचा चहा?"

नवरा आला, ग्लास निरखून पाहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "हो, गढूळ आहे खरं."

"शेजारच्या वहिनी म्हणतात, कुठेतरी पाइप फुटलाय."

"हो, पाइपच फुटला असेल."

"पण शाळेतले सर म्हणाले, पाइप धड आहे. टेकडीवरची माती ओढ्यातून टाकीत उतरलीये."

"हो, तसंही असेल."

बायकोने ग्लास मोरीत ओतला. "तुम्हाला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं. ती निदान दोघांना दोन उत्तरं देत नाही!"

मंडळी, या गृहस्थाला सगळी वस्ती 'होयबा' म्हणायची, आणि त्यालाही तो 'हो' म्हणायचा. माणूस देवभोळा नव्हता, आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. पण समोरचा जे बोलेल ते त्याला पटायचं. पहिला गेला आणि दुसरा आला की दुसऱ्याचं पटायचं. अशा माणसाचं एरवी काही अडत नाही. अडतं ते निर्णय घ्यायची वेळ आल्यावर, आणि ती वेळ त्याच आठवड्यात त्याच्या दारात येऊन उभी राहणार होती.

होयबाचा धंदा होता अवजारांना दांडे करण्याचा. कुऱ्हाड, कुदळ, फावडं, हातोडा, घण, ज्याला ज्याला म्हणून लोखंडाचं डोकं असतं त्याला लाकडाचं अंग द्यायचं. पुढे लहानसं दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब खोली, त्यात शिकंजा, रंधे, कानशी आणि घोट्यापर्यंत येणारा भुसा. बायको शाळेची बस चालवायची आणि घरी आल्यावर घर चालवायची. दोन्हीकडे तिचा आवाज सारखाच लागायचा.

दांड्यांचं लाकूड यायचं ते वस्तीमागच्या टेकडीच्या उतारावरून. ते रान वस्तीचं सामाईक, कारभार वनसमितीकडे, पण पिढ्यान्‌पिढ्या ते वापरायचं होयबाच्या घराण्याने. त्या झाडांना लोक दांड्याची झाडंच म्हणायचे. रानाचे सात तुकडे पाडलेले. दर वर्षी एकच तुकडा कापायचा, पानं गळाल्यावर, बुंध्याजवळ, घाव तिरका म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. बुंध्याला पुन्हा फुटवे यायचे. सातव्या वर्षी तो तुकडा पुन्हा कापायचा, तोवर फुटव्याचे सरळ, चिवट सोट झालेले असायचे. होयबाला हे सगळं त्याच्या बापाने शिकवलं. कसं कापायचं ते शिकवलं, का कापायचं ते सांगितलं नाही, आणि यानेही कधी विचारलं नाही. बापाला प्रश्न विचारणं त्या घरात बसत नसे.

मग मुलीचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा जेवायला आला. जावई गुणी. वृक्षरक्षण मंडळाच्या कचेरीत कामाला, बोलणं स्वच्छ, मन त्याहून स्वच्छ. जेवायला बसण्याआधी हात धुवायला तो मागे गेला आणि त्याला नुकत्याच कापून आणलेल्या सोटांची रास दिसली. परत येऊन पानावर बसला. दुसरा घास घेता घेता म्हणाला, "बाबा, राग मानू नका. जंगल आपल्याला हवा देतं, पाणी धरून ठेवतं, माती सावरतं, हजार जीव पोसतं. आणि आपण त्याच्याच लाकडाने त्यालाच तोडायची हत्यारं करतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते हेच नव्हे का?"

मुलीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. बायकोने वाढायची पळी जरा जोरातच पातेल्यात ठेवली.  होयबाला मात्र उत्तर सुचेना. आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही म्हणजे आपणच चुकलो, असं मानणारी माणसं जगात कमी नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याने करवत खिळ्याला टांगली. घाऊक व्यापाऱ्याकडून तयार दांडे मागवायला सुरुवात केली. ते गुळगुळीत, चकचकीत, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. होयबाने फक्त ते अवजाराच्या नेढ्यात बसवायचे आणि पाचर ठोकायची. मंडळाने त्याचा सत्कार केला, 'कुऱ्हाड खाली ठेवणारा माणूस' म्हणून मासिकात फोटो छापला. त्याला बरं वाटलं. आपण आयुष्यात एक पुण्य तरी केलं, असं वाटलं. सात वर्षं तो त्या रानाकडे फिरकलासुद्धा नाही. इतक्या वर्षांचा मारेकरी आता तोंड तरी कुठल्या तोंडाने दाखवणार!

तर आता त्या आठवड्याकडे येऊ.

वनसमितीचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. स्टुलावर बसले, घाम पुसला. "हे बघा, तुमच्या वाट्याचं रान सात वर्षं पडून आहे. समितीचा नियम तुम्हाला माहीत आहे, कसेल त्याचं रान. एक मालवाहतूकवाले तिथे गोदाम बांधायचं म्हणतायत. उतार सपाट करतील, रस्ता करतील, वस्तीतल्या पोरांना कामं मिळतील. चांगलं आहे की नाही?"

"हो," होयबा म्हणाला.

"रविवारी सभा आहे. तुम्ही पुन्हा कापणी सुरू करणार असाल तर रान तुमचं. नसाल तर सोडून द्या. जबरदस्ती नाही."

"हो."

"हो म्हणजे काय? कापणार की सोडणार?"

"हो... म्हणजे बघतो."

अध्यक्ष हसत उठले. होयबाचं 'बघतो' म्हणजे 'घेऊन जा', हे सगळी वस्ती जाणून होती.

ही बातमी ऐकून जावई दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन दुकानात हजर झाला. चप्पल काढायच्या आधीच बोलू लागला. "बाबा, गोदाम? त्या उतारावर? खाली अख्खी वस्ती आहे! जीव गेला तरी ते रान द्यायचं नाही!"

"हो."

"पण एकाही झाडाला हात लावायचा नाही!"

"हो."

"मग रविवारी समितीला काय सांगायचं?"

होयबाने जावयाकडे पाहिलं, जावयाने होयबाकडे. कापावं तर पाप, न कापावं तर रानच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे सासरा-जावई अडकलेले. तेवढ्यात रस्तादुरुस्तीवाला मुकादम आत आला आणि त्याने काउंटरवर मोडक्या कुदळीचे दोन भाग ठेवले.

"काका, तुमच्या वडिलांनी केलेला दांडा आमच्या वडिलांनी वापरला, मग मी वापरला. हा तुमचा चकचकीत दांडा महिनाभरात तुटला. कुदळीचं डोकं उडून माझ्या माणसाच्या पायाशी पडलं. जरा इकडेतिकडे झालं असतं तर?"

होयबाने तुटलेली जागा बोटाने चाचपली. लाकडाच्या रेषा आडव्या गेल्या होत्या. जाडजूड झाडाचं खोड यंत्रात घालून, फळ्या पाडून, त्या फळ्यांतून हे दांडे कातलेले होते. सोटाच्या दांड्यात रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावते. हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण पुण्यकर्मात खोट काढायची कशी, म्हणून त्याने तिकडे काणाडोळा केला होता. मुकादमाला त्याने दुसरा दांडा बसवून दिला. तोही तसलाच होता. दिला आणि मनातून ओशाळला.

त्या दिवसापासून त्याचं डोकं चालेनासं झालं. अध्यक्ष भेटले की गोदाम बरं वाटायचं. जावयाचा फोन आला की रान प्राणापलीकडे वाटायचं. मुकादम आठवला की हात करवतीकडे जायचा, आणि करवत दिसली की अंगावर काटा यायचा. चहात त्याने साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो तसाच प्यायला. बायकोने विचारलं, "कसा झालाय?" तर म्हणाला, "हो."

"पुरे झालं!" बायको म्हणाली. "आत्याबाईंना विचारू."

आत्या म्हणजे होयबाच्या वडिलांची धाकटी बहीण. वनखात्यात मोठी अधिकारी होती, उभी नोकरी दूरदूरच्या रानांत काढली आणि निवृत्त होऊन नुकतीच वस्तीत परतली होती. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. होयबाने तिला आजवर काही विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर ती उत्तर देईल अशी त्याला धास्ती होती.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला रान दाखव. घरात बसून रानाचा न्याय करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं."

शनिवारी शाळेला सुट्टी होती. बस धुवायला न्यायची होतीच आणि धुवायच्या जागेच्या वाटेवर टेकडी लागते, असं बायकोने जाहीर केलं. टेकडी मुळीच त्या वाटेवर नव्हती, पण तिच्याशी वाद कोण घालणार! लहान मुलांच्या ठेंगण्या बाकांवर आत्या, होयबा, मुलगी आणि जावई गुडघे पोटाशी घेऊन बसले. जावई वाटभर बोलत होता. आत्या काठी धरून बाहेर बघत होती.

रानात शिरल्यावर होयबाचं पाऊल अडखळलं. त्याने मनात काही वेगळंच चित्र धरलं होतं. सात वर्षं कुणी हात लावला नाही, म्हणजे रान आनंदाने डवरलं असेल, पाखरं, फुलं, गवत! इथे तर दिवसाउजेडी काळोख होता. जाड झालेले सोट एकमेकांना रेटत वर उजेडासाठी धडपडत होते. खाली गवताची काडी नाही. पूर्वी कापणीनंतरच्या वसंतात याच जमिनीवर फुलांचा सडा पडायचा, मधमाश्या कानाशी गुणगुणायच्या. आता नुसती उघडी माती, आणि वादळाच्या पाण्याने तिच्यात चर पडलेले. सगळ्यात जुन्या तुकड्यात तर पाहवत नव्हतं. बुंधेच्या बुंधे मधोमध फाटून पडले होते, आणि त्यांच्या मुळांखालची माती खाली ओढ्यात गेली होती.

"आपल्या नळाला येतंय ते हे," बायको हळूच म्हणाली.

"वादळाचा तडाखाच तसा होता," जावई म्हणाला. पण त्याची नजर त्या चरांवरून हलत नव्हती.

आत्याने काठी वर रोखली. "वरच्या झऱ्याभोवतीचं मोठं रान दिसतंय ना? वादळ तिथेही आलं होतं. तिथे किती झाडं पडलीत?"

तिथे सगळी उभी होती.

"बघा म्हणजे!" जावयाला धीर आला. "त्यांना कुणी कधी कापलं नाही, म्हणून ती उभी आहेत. मीही तेच म्हणतोय. माणूस नव्हता तेव्हाही जंगलं होतीच की!"

"प्रश्न चांगला आहे," आत्या म्हणाली, "आणि त्या वरच्या रानापुरतं तुझं सोळा आणे खरं आहे. तिथल्या झाडाला हात लावायला कुणी आलं तर मी या गुडघ्यांनी आडवी पडेन. तिथे एका मुळावर एक खोड. आणि इथे? मोज."

जावयाने एका बुंध्यावरचे सोट मोजले. नऊ होते.

"तुझ्या सासऱ्याच्या पूर्वजांनी हे रान असं घडवलंय. कापलं, फुटलं, पुन्हा कापलं. मनगटाएवढे असताना सोट कापले की बुंध्यावरचं ओझं उतरतं, तो पुन्हा फुटतो, मूळ जागेवर राहतं. असे बुंधे माणसाच्या कितीतरी पिढ्या जगतात. पण मांडीएवढे होऊ दिलेस की नऊ जण नऊ दिशांना ओढायला लागतात. भावकी माजली की घर फुटतं, तसा बुंधा फुटतो."

"पण मग आम्ही थांबलो ते वाईट केलं?" जावयाने विचारलं. त्याचा चेहरा पाहून मुलीलाही वाईट वाटलं.

"दुभती गाय पाळायची, आणि एके दिवशी तिची दया आली म्हणून धार काढणं बंद करून तिला वाऱ्यावर सोडायची. तिचे काय हाल होतील? तुझी दया खोटी नव्हती रे. पण तू गाईकडे बघितलं नाहीस."

होयबा इतका वेळ फाटक्या बुंध्याशी बसून होता. तो म्हणाला, "पण आत्या, मी निदान कुऱ्हाड तरी थांबवली. सात वर्षांत एक झाड माझ्यामुळे पडलं नाही."

"सात वर्षं तू दांडे विकले नाहीस?"

"विकले. व्यापाऱ्याकडचे."

"ते लाकूड कुठलं?"

"व्यापाऱ्याचं."

"व्यापाऱ्याच्या अंगावर झाडं उगवतात? त्याने कुठून आणलं? कुठल्या टेकडीवरून? तिथे पुन्हा काही लावलं, की उघडी करून सोडली? त्या टेकडीखालीही कुणाची तरी वस्ती असेल, कुणाच्या तरी घरी नळ असेल!"

 होयबाने हे कधी विचारलंच नव्हतं. विचारावं असं मनातही आलं नव्हतं! इथे एक मनगटाएवढा सोट वाचवला आणि तिथे, न पाहिलेल्या रानात, आख्ख्या झाडाची फळी पाडायला लावली. आणि त्या पुण्याचा सत्कार घेतला! त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली.

"तुझी कुऱ्हाड थांबली नाही," आत्या आता मऊ आवाजात म्हणाली. "तुझ्या नजरेआड गेली, इतकंच."

जावई दूर जाऊन उभा राहिला. त्यानेच तर ते मासिक घरोघर वाटलं होतं.

होयबाच्या डोक्यातला गोंधळ मात्र अजून संपला नव्हता. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आत्या, तू बोलतेस ते मला पटतंय. पण हा बोलला तेव्हा तेही पटलं होतं. उद्या सभेत अध्यक्ष बोलतील, त्यांचंही पटेल. ज्याचं ऐकावं त्याचं पटतं. माझं म्हणून मला काय कळतं? मी कुणाचं ऐकू?"

"कुणाचंच ऐकू नकोस. माझंही नको. उठ आणि सातही तुकडे फिरून ये. एकटा जा."

तो गेला. बाकीचे बसच्या पायरीवर बसून राहिले. होयबा आधी शेवटच्या तुकड्यात गेला. जावई जेवायला आला त्याच्या थोडंच आधी त्याने तो कापला होता. तिथले सोट मनगटाएवढे, ताठ. बुंधे अखंड होते. मग त्याआधीचा तुकडा. सोट जरा जाड, बुंध्याला बारीक चीर. त्याआधीचा. चिरेत बोट जात होतं. पुढच्यात पाणी मुरून आत काळं पडलेलं. पुढच्यात हात घातला तर लाकडाचा भुगा हाताला आला. एकेक तुकडा मागे जावा तसं त्याच्या त्याला दिसत गेलं, कुणी समजावून न सांगता. बापाने जे 'का' कधी सांगितलं नाही, ते सगळं त्या उतारावर समोर मांडून ठेवलेलं होतं. वेळेवर आलो असतो तर यातला एकही बुंधा फाटला नसता, हे त्याला कळलं, आणि तो तिथेच झाडाला डोकं टेकून रडला.

परत आला आणि बसमध्ये चढून बसला. बायकोने बस सुरू केली.

रविवारी सभेला दाटी होती. गोदामवाल्यांचा माणूस गोड बोलला. अध्यक्ष त्याहून गोड बोलले. "उगाच चर्चा कशाला लांबवायची? आपले दांडेवाले समजूतदार आहेत. रान सोडायला तुमची हरकत नाही ना? नाही म्हणजे, तुम्ही हो म्हणालाच आहात."

लोक हसले. होयबा उभा राहिला. सगळी वस्ती त्याच्या 'हो'ची वाट बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

सभागृहात कुणाकुणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. अध्यक्षांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"नाही सोडणार! आणि सपाटही करू देणार नाही! त्या मुळांनी वरची माती धरून ठेवलीये म्हणून खाली आपली घरं आहेत. थोडी मुळं सुटली तर तुमच्या नळांना काय आलं ते सगळ्यांनी प्यायलंय. सगळी सुटली तर काय येईल? मी वाट्टेल तसं कापणार नाही. वर्षाला एक तुकडा. फाटलेल्या तुकड्यापासून सुरुवात. झऱ्याच्या रानाला कुणी बोट लावायचं नाही, मीसुद्धा नाही. आणि मी जास्त कापतोय का हे बघायला वृक्षरक्षण मंडळाचा माणूस पाहिजे. माझा जावईच पाहिजे. तो मला सोडायचा नाही!"

मागच्या रांगेतून जावई उठला. घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, हे रान कापू नका असं सात वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं. तेव्हा मी ते रान पाहिलेलंही नव्हतं." एवढं बोलून तो खाली बसला. त्याला किती जड गेलं असेल, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

बराच वेळ कल्ला झाला. शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. एक वर्ष मुदत. कापलेल्या बुंध्यांना फुटवा आला तर रान दांडेवाल्यांकडे. नाही आला तर, मेलेल्या खोडांचं काय करायचं, जमीन गोदामाला जाईल.

पानगळ झाल्यावर होयबाने करवत खिळ्यावरून उतरवली. सासरा कापी, जावई ओढी. जावयाच्या तळहाताला फोड आले तरी त्याने हूं की चूं केलं नाही. तुकडा कापून झाला आणि दोघांनी मागे वळून पाहिलं. उतारभर नुसते ठेंगणे, पांढरे बुंधे उभे होते. जावयाचा चेहरा उतरला. "बाबा, आपण बरोबर केलं ना?"

"हो," होयबा म्हणाला, आणि स्वतःच चपापला. खात्री त्यालाही नव्हती.

मग सुरू झालं वाट बघणं. वाटेने जाणारे लोक थांबून बघायचे आणि चुकचुकायचे. मंडळातल्या कुणी कुणी जावयाशी बोलणं टाकलं. गोदामवाल्यांचा माणूस येऊन हसून जायचा. जावयाचा रोज फोन, "फुटलं का?" रोज उत्तर, "नाही अजून." थंडी लांबली. होयबाला आपलं सगळं आयुष्यच उलटसुलट वाटू लागलं. कापलं तेही चूक, न कापलं तेही चूक, मग बरोबर होतं तरी काय? आत्याकडे गेला तर ती म्हणाली, "फाटलेले बुंधे आहेत, काही मरतीलही. तुला लबाडीने धीर देणार नाही." हे ऐकून तर त्याचा उरलासुरला धीरही खचला.

एका सकाळी त्याने फोन उचलला नाही. जावई घाबराघुबरा होऊन थेट टेकडीवर पोचला. होयबा चिखलात गुडघे टेकून एका बुंध्यापुढे बसला होता. जावई धावत जवळ गेला. बुंध्याच्या कडेला, सालीतून, बोटाच्या पेराएवढे लालसर कोंब बाहेर आले होते. बाजूच्या बुंध्यालाही होते. त्याच्या पलीकडच्या दोघांना नव्हते, ते गेले होते. पण त्याच्या पुढच्याला होते, आणि त्याच्याही पुढच्याला! उजेड पडलेल्या मोकळ्या मातीत बारीक हिरवं काहीतरी वर आलं होतं, आणि त्याच्यावर एक मधमाशी घोंघावत होती.

जावई चांगल्या पँटसकट खाली बसला. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. मग म्हणाला, "बाबा, मेलेल्या दोघांच्या जागी नवी रोपं लावूया?"

"लावूया. तू लाव. तुझ्या नातवंडांना त्यांचे दांडे मिळतील."

"आणि या तुकड्याचं पुढे काय करायचं?"

"काही नाही. आता सहा वर्षं याला हात लावायचा नाही. फक्त येऊन बघायचं."

मंडळी, ही गोष्ट त्या टेकडीची आहे, तशी तुमच्या-माझ्या घराचीही आहे. आपण बसतो ती खुर्ची, लिहितो तो कागद, चुलीतलं लाकूड, नळातलं पाणी, नाकातला श्वास, हे सगळं कुठल्या ना कुठल्या रानातून आलेलं असतं. रान ओरबाडणाऱ्याला आपण शिव्या देतो आणि द्याव्यातच. पण रानाकडे पाठ फिरवून 'मी पापातून सुटलो' म्हणणारा तरी कुठे सुटतो? त्याला हवं असलेलं लाकूड दुसरीकडे कुणीतरी तोडतच असतं. काही रानं अशी असतात की त्यांना हात लावू नये, आणि तिथे आपण हात मागे घ्यावा. काही रानं माणसाच्या हातानेच वाढलेली असतात. तिथून घ्यावं, पण पुन्हा भरून येईल तेवढंच घ्यावं, आणि भरून येईपर्यंत थांबावं. कुठलं रान कुठलं, हे घरात बसून कळत नाही. त्यासाठी उठून तिथवर जावं लागतं, आणि बुंध्यापुढे गुडघे टेकावे लागतात.